नुसती कणकण

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस, वाईट बातमी नाही. फोनवर आपण दोघी एकमेकींना 'बरं आहे' म्हणतो आणि मग दोन्हीकडून नाक ओढल्याचे आवाज येतात. त्यापेक्षा हा जुना मार्ग बरा. पत्र लिहिताना रडलं तरी शाई तेवढी फुटते, पलीकडच्याला हुंदका ऐकू येत नाही. तेव्हा यापुढे तब्येतीचं सगळं पत्रात आणि फोनवर फक्त हवापाणी, असं मी परस्पर ठरवून टाकलं आहे. धाकटेपणाचा एवढा हक्क मला दे.

काल पहिली केमो झाली. गाठ काढली तेव्हा मी झोपेत होते, सगळं माझ्या अपरोक्ष झालं. हे मात्र डोळ्यांदेखत. खुर्ची ऐसपैस, न्हाव्याच्या दुकानात असते तशी मागे कलणारी. सुईला मी भीत नाही. नाटककंपनीच्या शिवणघरात इतकी वर्षं पोशाख शिवतेय, रोज बोटात चार वेळा घुसते. माझी पाचावर धारण बसली ती नर्सबाई तयार होताना बघून. हातमोज्यांचे दोन जोड, लांब बाह्यांचा झगा, डोळ्यांवर चष्मा. जे औषध हाताला लागू नये म्हणून तिनं एवढा जामानिमा केला, तेच ती माझ्या शिरेत सोडणार होती. हे मी तिला म्हणून दाखवलं. ती हसली आणि म्हणाली की बहुतेक सगळे हेच म्हणतात, फक्त काही जण मनात.

शेजारच्या खुर्चीत एक टोपीवाल्या बाई विणत बसल्या होत्या. त्यांची चौथी खेप. त्यांनी मला औषध चालू असताना बर्फाचे तुकडे चोखायला लावले, म्हणजे तोंड कमी येतं. आणि आवडीचं काही या दिवसांत खायचं नाही, नाहीतर जन्मभर त्याचा तिटकारा बसतो, असं बजावलं. घरी येऊन बाथरूममध्ये लालभडक रंग दिसला तशी मी किंचाळले. हे पिठाच्या हातांनी धावत आले. मग आठवलं, औषधाचाच रंग उतरतो असं आधी सांगितलं होतं. ह्यांचे पिठाचे हात दाराच्या कडीला तसेच उमटले आहेत.

आता जे फोनवर सांगता येत नाही ते. ह्यांच्या अंगाचा वास मला सहन होत नाही. बेकरीतून येतात तेव्हा ताज्या पावाचा वास घेऊन येतात. ज्या वासापायी मी लग्नाआधी रोज त्या गल्लीतून वाट वाकडी करून जायची, तो वास आता आला की पोटात ढवळतं. काल त्यांना दारातच थोपवलं आणि खोटंच सांगितलं की साबण उग्र आहे. बिचाऱ्यांनी साबण बदलला. आज नव्या साबणानं घासून आले, तरी पाव होताच. मी उशीत तोंड खुपसून झोपेचं सोंग घेतलं. फार अपराधी वाटतं गं. आजारी मी, आणि शिक्षा त्यांना.

बाकी जिभेवर चमचा चोखल्यासारखी चव आणि आज जराशी कणकण. नर्सबाईंनी तापाबद्दलचा एक कागद दिला आहे, तो फ्रीजवर चिकटवला आहे.

कळावे. लोभ आहे तेवढा राहू दे, सध्या घर त्याच्यावरच चाललंय.

तुझी,
भिंगरी
(सध्या पलंगावर आडवी)


९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी गाडीतच वाचलं. शिकाऊ गाडी रस्त्याच्या कडेला, चाकावर दातांचे डॉक्टर. हे गृहस्थ लोकांच्या जबड्यात बेधडक ड्रिल घालतात, पण गाडी मागे घ्यायची म्हटली की डोळे मिटून घेतात. तुझ्या नर्सबाईंच्या झग्याचं वाचून मी मोठ्यानं हसले, तर त्यांना वाटलं मी त्यांनाच हसतेय. त्या रागात पहिल्यांदाच त्यांनी गाडी सरळ मागे घेतली. तेव्हा तुझ्या केमोचा पहिला फायदा दंतवैद्यकाला झाला असं समज.

मी यायला निघाले होते, पण मला सडकून सर्दी झाली आहे आणि तुझ्या दवाखान्यात फोन केला तर त्यांनी शिंकणारं माणूस तुझ्या आसपासही नको असं सांगितलं. म्हणून इथूनच हुकूम सोडते. घाबरायचं नाही. माझ्या हाताखाली इतकी माणसं गाडी शिकली, त्यांतली बुडाली ती भीतीनं चाक गच्च धरणारी. चाक सैल धरायचं आणि नजर लांब ठेवायची. पोटात ढवळलं तर थोडं थोडं, दर दोन तासांनी काहीतरी खायचं. गार खायचं, म्हणजे वास मारत नाही. मळमळीची गोळी मळमळायच्या आधी घ्यायची, नंतर नव्हे. हे मी वाचून काढलं आहे.

आणि काय गं, 'जराशी कणकण'? पुन्हा सुरू झालं का तुझं? आपल्या घरात तापाला मान होता, कणकणीला नव्हता, विसरलीस? आईनं हाताची उलटी बाजू कपाळाला लावायची, तोंड वेंगाडून 'नुसती कणकण' असं जाहीर करायचं आणि त्याच हातानं दप्तर खांद्याला अडकवायचं. स्वतः शाळेत शिकवत असल्यानं तिला सगळे बहाणे पाठ. गणिताच्या परीक्षेला तर तुला हमखास कणकण यायची. तेव्हा नर्सबाईंपुढे कणकणीचं तुणतुणं वाजवू नकोस, त्याही दप्तर हातात देतील. आईची मुलगी आहेस, शोभून दाखव.

साबणाचं खोटं बोललीस ते बरं नाही, पण त्यावर पुढच्या पत्रात.

लोभाची काळजी करू नकोस, टाकी भरलेली आहे.

तुझी शिंकणारी,
ताई


१३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण मला राहवत नाही म्हणून लिहितेय. केस आता मूठमूठ हातात येतात. उशीवर, कॉलरीत, चहाच्या कपात सुद्धा. केस जाणार हे कितीदा ऐकलं होतं, तरी पहिला पुंजका हातात आला तेव्हा मी तो परत डोक्यावर दाबून बसवायला गेले. चिकटला तर बघावं म्हणून. वेडेपणाच.

काल शिवणघरातल्या दोघीजणी मोठी पेटी घेऊन आल्या. आमच्या कपाटातले सगळे विग. त्यांनी आधी माझे उरलेले केस बारीक कापले आणि मग एकेक विग चढवून पाहिला. राजकन्येचा घट्ट झाला. म्हाताऱ्या दाईचा मला इतका शोभून दिसला की एकीनं तो घाईघाईनं उतरवला. शेवटी न्यायाधीशाचा पांढरा कुरळा घालून मी जेवायला बसले आणि ह्यांना, सूप अळणी केल्याबद्दल, महिनाभराची सक्तमजुरी सुनावली. हे हसले. पण मान खाली घालून हसले.

तोंड आलं आहे, बर्फ चोखूनही. गार दही आणि केळं एवढंच जातं. शिवणघराच्या मुख्य बाईंनी निरोप दिला की मी येईन तेव्हा येईन, तोवर माझ्यासाठी सरळ टीपेचं सोपं काम राखून ठेवलं आहे. सरळ टीप! ज्या बाईनं माझ्या हातची काजं-बटणं उसवून तीन तीनदा करायला लावली, ती आता मला पडदे शिवायला देणार. दया केली त्यांनी, पण मला रडू आलं.

ता. क. पाकीट चिकटवणार इतक्यात तुझं पत्र आलं. दंतवैद्यांना माझा नमस्कार. कणकणीचं वाचून पोट धरून हसले, तोंडातले फोड दुखेपर्यंत. दुपारपासून अंगात जरा काटा येतोय खरा, पण मी काही बोलत नाही बाई. दप्तर नको.

तुझी,
भिंगरी


१७ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी नीट बोललो नाही, त्याबद्दल माफी असावी. दवाखान्याच्या जिन्यात उभा होतो. तिनं आज सांगितलं म्हणून लिहीत आहे. तिच्या हाताला सलाईन आहे. मला पत्रं लिहायची सवय नाही, चुकलं माकलं सांभाळून घ्यावं.

आता धोका टळला आहे, हे आधी लिहितो. ताप उतरला आहे. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या, आणि कुठूनतरी जंतू शिरले. त्या संध्याकाळी मी बेकरी बंद करून आलो तेव्हा ती पांघरूण घेऊन पडली होती. मी विचारलं, तर नुसती कणकण आहे म्हणाली, गोळी घेतली आहे म्हणाली. मी ऐकलं. मी दुसऱ्या खोलीत झोपतो, तिला वासाचा त्रास होतो म्हणून. पहाटे भट्टीला जाण्याआधी डोकावलो तेव्हा ती थडथड उडत होती आणि मला ओळखत नव्हती. डॉक्टर रागावले. म्हणाले की कागदावर स्पष्ट लिहिलं आहे, ताप त्या आकड्याच्या वर गेला की तासाभरात इथे यायचं, घरी गोळी घेऊन तो दाबायचा नाही. रात्रभर काय केलंत, असं मला विचारलं. मी झोपलो होतो.

एक विचारायचं होतं. शुद्धीवर येताना ती सारखी म्हणत होती की कणकण तर होती, कणकण तर होती, आणि हसत होती. डॉक्टरांनी मला विचारलं की हा काय प्रकार आहे. तुमच्या माहेरी कणकण म्हणजे नेमकं काय म्हणतात? मला आपलं वाटत होतं की थोडा ताप.

दुसरं म्हणजे, पुढची केमो घ्यायची नाही असं ती म्हणते. डॉक्टर म्हणतात, आठवडाभर पुढे ढकलू पण सोडू नका, मधे सोडली तर केलेलं वाया जाईल. ती माझं ऐकत नाही. तुमचं ऐकते.

आपली सर्दी कशी आहे? काळजी घ्यावी. माझी चूक झाली, ती पदरात घ्यावी.

आपला


२० मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

काय लिहू? हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली.

तुझ्या ता. क.चं पत्र मला ह्या सगळ्यानंतर मिळालं. तू दवाखान्यात पडलेली, आणि इथे माझ्या हातात तुझं 'दप्तर नको'. चेष्टा करायची मला फार खाज. तुझ्या यजमानांनी कणकणीचा अर्थ विचारला आहे. मी त्यांना काय उत्तर देऊ? की आमच्या घरी कणकण म्हणजे जे सांगायचं नसतं ते, आणि हे तिला आठवण करून देणारी मीच?

फ्रीजवरचा कागद मी पाहिला नव्हता, पण मागवून वाचता आला असता. मळमळीचं सगळं वाचून काढलं, गार खा, थोडं थोडं खा. तापाचं वाचलं नाही. कारण ताप हा विषय आपल्याला येतो, असं मला वाटलं. शिकाऊ गाडीत माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. समोरच्यानं कितीही घोळ घातला तरी मी गाडी थांबवू शकते. त्या भरवशावर मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत सुटते की घाबरू नका. तुला पत्र लिहिताना माझ्या पायाशी काय होतं? काही नव्हतं. तरी तोंड तसंच चाललं.

हल्ली मी सारखी ब्रेक दाबते. समोर काही नसताना. काल दंतवैद्य म्हणाले की त्यांनी आता दुसरीकडे शिकायचं ठरवलं आहे. मी बरं म्हटलं.

पुढची केमो तुला नको आहे असं कळलं. तुझ्या यजमानांना वाटतं की मी तुला समजवावं. मी समजावणार नाही. मला तो अधिकार उरलेला नाही. शरीर तुझं आहे, भोगणारी तू आहेस. नको वाटत असेल तर नको घेऊस. तू जे ठरवशील ते मला मान्य आहे, मी एक शब्द बोलणार नाही. आत्तापर्यंत पुष्कळ बोलले.

सर्दी गेली, खोकला थोडा आहे. तुला भेटायची हिंमत नाही, ती येईपर्यंत खोकला पुरेल.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडानं म्हणू?

तुझी अपराधी,
ताई


२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा घरी आले. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग पाकिटावरचं अक्षर तपासून पाहिलं, की हे नक्की तुझंच ना. 'मी एक शब्द बोलणार नाही' हे वाक्य तुझ्या लेखणीतून कसं उतरलं? लेखणी मोडली नाही?

ताई, आता मी लिहिते ते बसून वाच.

तुझ्या पत्रामुळे मी दवाखान्यात जायची राहिले नाही. संध्याकाळी मी थर्मामीटर लावला होता. आकडा कागदावरच्या आकड्याच्या चांगलाच वर होता. कागद मला पाठ होता. मी बटण दाबून आकडा घालवला आणि गोळी घेतली, म्हणजे ह्यांनी कपाळाला हात लावला तर ते गार लागावं. मग हे आले आणि विचारलं, तेव्हा मला बोलायला काहीतरी हवं होतं. तुझं पत्र उशीखाली होतं. तुझा शब्द तयार होता, उचलून दिला. म्हणताना मला हसू सुद्धा आलं.

का केलं, ते सांगते. त्या टोपीवाल्या बाई आठवतात? शिवणघरातली एक जण त्यांच्या शेजारी राहते. तिच्याकडून मला त्या आठवड्यात कळलं होतं की त्या ताप आला म्हणून दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्यांचं विणकाम घरच्यांनी अर्धंच नेलं. माझ्या डोक्यात एवढंच बसलं की तापाचं नाव काढलं की आत घेतात, आणि आत घेतलं की संपलं. आपण ताप म्हटलाच नाही तर तो नाहीच. एवढी मोठी घोडी झालेय, पण त्या संध्याकाळी माझी अक्कल एवढीच चालली.

आणि खरी लाज वाटायची गोष्ट पुढेच आहे. शुद्धीवर आले तेव्हा मी हे सगळं सांगू शकत होते. हे जिन्यात रडले, ते मला नर्सबाईंनी सांगितलं. तू पत्रं फाडतेयस. मी गप्प बसले. मला बरं वाटत होतं गं. माझ्यापेक्षा जास्त दुःखी कुणीतरी आहे, आणि माझ्यापायी आहे, याचं बरं वाटत होतं. तुम्ही दोघं माझ्या चुकीची खापरं आपापल्या डोक्यावर फोडून घेत होतात आणि मी पलंगावर पडून बघत होते. याच्याहून हलकट काही मी आयुष्यात केलं नसेल.

पण तुझं पत्र वाचून मी जी घाबरले, तशी सुईला, तापाला, कशालाच घाबरले नव्हते. गाठ निघाल्यापासून माझ्यावर कुणी रागावलेलं नाही. हे पाय न वाजवता चालतात. मुख्य बाई पडदे देतात. न्यायाधीश होऊन मी शिक्षा ठोठावली तर ती सुद्धा मुकाट मान्य होते. जो तो माझ्याशी असं वागतो की जणू मी निघालेच आहे आणि जाताना भांडण नको. एक तू उरली होतीस, कणकणीवरून झापणारी. आता तूही मऊ झालीस. मी केमो नको म्हटलं आणि तू बरं म्हणालीस. मला ती परवानगी नको होती, ताई. मी ती मागितली होती ती तू नाकारावीस म्हणून.

एकतीस तारखेचं डॉक्टरांनी ठरवलं आहे. मी अजून 'हो' म्हटलेलं नाही, 'नाही' पण कळवलेलं नाही. ह्यांना आकड्याचं अजून सांगितलेलं नाही.

लोभ असेल तर दाखव. मऊपणानं दाखवू नकोस.

तुझी,
भिंगरी


२७ मार्च

भिंगरे,

आशीर्वाद नाहीत. आधी पत्र वाच, मग मिळतील.

तुला काही लाज, शरम, अक्कल? आकडा घालवलास? बटण दाबून? नवऱ्याच्या हाताला कपाळ गार लागावं म्हणून गोळी घेतलीस? तो माणूस पहाटे उठून गावाला पाव खायला घालतो आणि त्याच्यासमोर तू नाटक करतेस? पोशाख शिवायचं सोडून रंगमंचावर कधीपासून गेलीस? तो डॉक्टरांची बोलणी खाऊन आला, जिन्यात रडला, माझी पत्रात माफी मागितली. माझी! आणि तू उशीखाली माझं पत्र ठेवून बरं वाटून घेत होतीस. मी इथे पंधरा वर्षांचं चालतं ड्रायव्हिंग स्कूल बंद करायला निघाले होते, दंतवैद्य गमावून बसले, जेवण जात नव्हतं. मी समोर असते तर तुझा कान धरला असता. केस नाहीत म्हणून तो वाचला असता असं समजू नकोस, कान आहेत.

माझं चुकलं ते चुकलं. मी न वाचता चेष्टा केली, ती चूक माझी, ती मी तुला देणार नाही आणि तू त्यावरून पांघरूण घालायचं कारण नाही. तुझी चूक तुझी. ती माझ्या अंगावर घालून तू पडून राहिलीस, ती उचल आता. आणि यजमान तिसऱ्याच खोलीत जाऊन झोपले असते तरी त्यांची काही चूक नाही. हे तू त्यांना आज सांगायचं आहेस. आकडा, गोळी, सगळं. आणि त्याच बैठकीत पावाचंही सांगून टाक. तो साबणामागून साबण बदलत बसलाय, त्याची कातडी सोलून निघेल.

टोपीवाल्या बाईंचं वाईट झालं. पण त्या ताप सांगायला गेल्या म्हणून गेल्या, हे तुला कुणी सांगितलं? तुझ्या दवाखान्यात मी काल पुन्हा फोन केला आणि या खेपेला सगळं विचारलं, तापासकट. पेशी खाली येतात तो आठवडा सांभाळायचा. या वेळी औषधानंतर दुसऱ्या दिवशी पेशी वाढायचं इंजेक्शन देणार आहेत. तरी ताप येऊ शकतो. आला तर गोळी घ्यायची नाही, वाट पाहायची नाही, अंथरुणातून उठून जायचं. लवकर गेलेले बहुतेक लोक चार दिवसांत घरी येतात. उशिरा गेलेल्यांचं काय होतं ते तू बघून आलीस. घाबरायचं नाही असं मी मागे लिहिलं होतं ना, ते खोड. खुशाल घाबर. हवं तेवढं घाबर, पण घाबरून लपू नकोस.

माझा खोकला गेला, डॉक्टरांनी छाती तपासून दिली. तीस तारखेला संध्याकाळी मी गाडी घेऊन येते. एकतीसला सकाळी तुला मी घेऊन जाणार. तू शेजारच्या सीटवर बसायचं, मागे नाही. न्यायाधीशाचा विग घालून आलीस तरी चालेल. नाही म्हणालीस तर मी दारात उभी राहून हॉर्न वाजवत बसेन, गल्ली गोळा करीन आणि सगळ्यांना तुझी गणिताच्या परीक्षेची कणकण सांगेन.

तू निघाली आहेस असं कुणाला वाटत असेल तर वाटो. मला आणखी तीस वर्षं तुझ्याशी भांडायचं आहे. मला दुसरी बहीण नाही.

आता घे आशीर्वाद, पुष्कळ आहेत. लोभ वाढवायच्या भानगडीत पडू नकोस, आधी पेशी वाढव.

तुझ्यावर मनापासून चिडलेली,
ताई


१० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू गेलीस आणि घर एकदम मोठं झालं. नर्सबाई अजून तुझी आठवण काढतात. तू त्यांना सलाईनच्या थेंबांचा वेग फार आहे म्हणून हटकलंस, ते त्यांनी सगळ्या मजल्यावर सांगितलं आहे. येताना तुझ्या गाडीत मला उलटी झाली, त्याबद्दल तू मला जे बोललीस ते ऐकून इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. दंतवैद्य परत आले हे वाचून बरं वाटलं.

ह्यांना सगळं सांगितलं. आकड्याचं ऐकून हे उठून बाहेर गेले, बऱ्याच वेळानं आले आणि मग माझ्यावर खरोखर ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदाच. मला ओरडायची सवय नाही असं म्हणत म्हणत ओरडले. पावाचं मात्र त्यांच्या मनाला लागलं. मग शिवणघरात स्वतः जाऊन माझ्या मैत्रिणींना विचारून आले. आता भट्टीवरचे कपडे बेकरीतच ठेवतात, तिथेच आंघोळ करतात आणि घरी येताना नाटकातल्या सेनापतीचा जुना डगला घालून येतात. त्याला कापराच्या गोळ्यांचा वास आहे. तो मला चालतो. सोनेरी झालरी लावलेला हा माणूस कालपासून माझ्याच खोलीत झोपतो आहे.

या खेपेला तोंड कमी आलं. बोटांना मुंग्या येतात, सुई धरवेल की नाही याची धास्ती आहे. त्याबद्दल तुला विचारायचं होतं, की तुझ्या

ताई, वरचं लिहिताना अंगात काटा आला म्हणून थर्मामीटर लावला. ताप आहे. आकडा ह्यांना दाखवला. गोळी घेतली नाही. ह्यांनी दवाखान्यात फोन केला, ते लगेच या म्हणाले. घाईत लिहितेय, अक्षर वाचता येईल का माहीत नाही. मागच्या वेळेपेक्षा जास्त भीती वाटतेय. हे पत्र असंच शेजाऱ्यांकडे टाकायला देते, बाकीचं तुला हे फोनवर सांगतील.

हे खाली गाडी चालू करून उभे आहेत. डगला अंगातच आहे, बदलायला थांबले नाहीत. हाका मारतायत. निघते.